वनस्पतीकडून प्रेरणा घ्यायची म्हणजे तिचे नेमके काय घ्यायचे?

तुमच्या प्रश्नाचा गाभा आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुम्हाला ती दुरुस्त करता येईल. तुम्ही ठाण्यात राहता, नोकरी सांभाळून गेली सहा वर्षे जलरंगात फुलापानांची चित्रे काढता आणि त्यातली बहुतेक चित्रे मोबाइलवर टिपलेल्या छायाचित्रांवरून केलेली असतात. एका समूहप्रदर्शनासाठी पाठवलेली पाच चित्रे निवड समितीने ‘कौशल्य उत्तम आहे, पण हे वनस्पतींचे चित्रण आहे, समकालीन कला नव्हे’ असा शेरा मारून परत केली. त्यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. हुबेहूब चित्रण कमी दर्जाचे असते का? आजचे कलावंत निसर्गाकडून प्रेरणा घेतात म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? आणि खरी पाने, बिया, फुलांचे रंग वापरले तर काम समकालीन ठरते का? जाता जाता, पुढच्या वर्षी पुन्हा चित्रे पाठवावीत का, हेही तुम्ही विचारले आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एकच अडचण आहे असे मला वाटते. तुम्ही वनस्पतीचे रूप घेता आणि ते चांगले घेता. पण रूपाखेरीज तिच्याकडून आणखी काही घेता येते, हे तुम्हाला आजवर कोणी दाखवलेले नाही. वनस्पती दिवसभर काही ना काही करत असते. ती उजेडाकडे झुकते, आधार चाचपते, थरावर थर चढवते, साठवून ठेवते, वेळ आली की सोडून देते. ज्या समकालीन कलावंतांची नावे मी पुढे घेणार आहे, त्यांनी वनस्पतीच्या दिसण्यापेक्षा तिच्या या करण्याकडे जास्त लक्ष दिले आणि त्यातली एखादी क्रिया आपल्या कामाच्या पद्धतीतच आणली. माझे सगळे उत्तर या एका मुद्द्याभोवती आहे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्हाला पुढे वनस्पतिशास्त्रीय चित्रकार व्हायचे आहे की दालनात प्रदर्शने करायची आहेत, यावर बरेच ठरते. दोन्ही मार्ग आदराचे आहेत, पण त्यांची शिस्त वेगळी आहे. तुमच्याकडे रोज अर्धा तास आहे की आठवड्यातून एक अख्खा दिवस, यावर कोणती वनस्पती निवडावी हे ठरते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत राहणाऱ्या माणसाला सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, काम करायला सांगणे योग्य नाही, आणि तशी गरजही नाही. निवड समित्यांच्या आवडीनिवडीही बदलतात. एका समितीचा शेरा हा अंतिम निवाडा मानू नये.

आता पहिला प्रश्न. हुबेहूब चित्रण कमी दर्जाचे नसते, हे मी ठामपणे सांगते, कारण व्यवसायाची पहिली नऊ वर्षे मी तेच काम केले. वनस्पतिशास्त्रज्ञांच्या पुस्तकांसाठी आणि शोधनिबंधांसाठी मी शाईची रेखाटने करत असे. भिंगाखाली फूल उकलायचे, कर्कटकाने मापे घ्यायची, टिंबांनी छटा भरायची आणि कोपऱ्यात मोजपट्टीची रेघ द्यायची. आपल्या भागात या कामाला मोठी परंपरा आहे. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक होता. त्याने १८४७ ते १८५० या काळात एका भारतीय चित्रकाराकडून दीडशेहून अधिक वनस्पतिचित्रे काढून घेतली. ती आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. गिब्सनचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण चित्रकाराचे नाव नोंदलेले नाही. या चित्रांचा विचार मनात आला की मला दरवेळी वाईट वाटते, कारण वनस्पती ओळखता येईल इतके नेमके चित्र काढण्यासाठी किती तास डोळे लावून बसावे लागते हे मला माहीत आहे. बंगळुरूच्या निरुपा राव यांनी पश्चिम घाटातल्या उंच वृक्षांची जी चित्रे केली आहेत, ती पाहिली तर ही परंपरा आजही किती जिवंत आहे, हे लक्षात येईल.

तेव्हा अडचण हुबेहूबपणात नाही. तुमच्या पाचपैकी तीन चित्रांत मला दिसलेली अडचण वेगळी आहे आणि ती तुमच्या गोकर्णीच्या चित्रावरून सांगते, कारण हीच चूक मी स्वतः केली होती. सुरुवातीच्या काळात एका अभ्यासकासाठी मी गोकर्णीचे रेखाटन केले आणि त्यांनी ते परत पाठवले. चिठ्ठीत एवढेच होते की हे फूल उलटे काढले आहे. वाटाणा, पावटा, पळस या कुळातल्या फुलांत मोठी पाकळी वरच्या बाजूला असते आणि पुंकेसर ज्या होडीसारख्या पाकळ्यांत दडलेले असतात त्या खाली असतात. हे माझ्या हाताला इतके सवयीचे झाले होते की समोर गोकर्ण ठेवून मी वाटाण्याच्या फुलाची मांडणी काढली. गोकर्णीचे फूल देठापाशी उलटे झालेले असते. तिची मोठी निळी पाकळी खाली पसरते, मधमाशीला उतरायला ओटा मिळतो आणि होडीची बाजू वर येते. म्हणून मध शोधत आत शिरणाऱ्या माशीच्या पाठीला पराग लागतो. ते फूल तसे का आहे, हे त्या दिवशी कळल्यावर मी पुन्हा काढलेले चित्र पहिल्यापेक्षा जास्त सुंदर होते असे नाही. पण त्यात फुलाचे वजन कुठे आहे, ते कुणासाठी उघडले आहे, हे रेषेत आले होते.

तुमच्या चित्रात गोकर्ण बरोबर बाजूने आहे, कारण छायाचित्रात ती तशी होती. पण देठाचा पीळ तुम्ही पानामागे झाकला आहे. छायाचित्रावरून काम करताना नेमके हेच होते. कॅमेऱ्याला जे दिसले नाही, त्याबद्दल आपल्याला प्रश्नच पडत नाही. फूल हातात असते तर तुम्ही ते फिरवून पाहिले असते, देठाशी बोट नेले असते आणि ते वळण चित्राचा मुख्य विषय झाले असते. छायाचित्र हे टिपण म्हणून जरूर ठेवावे; रंग दिवसभरात कसा उतरला, कळी कोणत्या दिवशी उमलली, हे पडताळायला ते फार उपयोगी पडते. रेखाटन मात्र जिवंत वनस्पतीवरूनच करावे, असा माझा आग्रह आहे.

दुसऱ्या प्रश्नाकडे येते. ‘प्रेरणा’ हा शब्द प्रदर्शनांच्या पत्रकांत इतक्या सैलपणे वापरला जातो की त्यावरून काहीच कळत नाही. म्हणून ज्यांच्या कामातून मी स्वतः शिकले, अशा चार कलावंतांनी वनस्पतीचे काय घेतले ते सांगते.

इटलीचा जुझेप्पे पेनोने १९४७ साली गारेसिओ या गावात जन्मला. १९६८मध्ये त्याने आपल्या गावाजवळच्या जंगलात एका कोवळ्या झाडाच्या खोडाला स्वतःच्या हाताचा धातूत ओतलेला पंजा बसवला. झाड वाढत राहिले, फक्त त्या मुठीच्या जागी त्याला वाढता येईना, आणि वर्षांमागून वर्षे खोड त्या पंजाभोवती फुगत गेले. पुढे त्याने बांधकामाच्या लाकडी तुळया घेतल्या आणि त्यांतले एकच वाढवलय धरून आतपर्यंत कोरत गेला. गाठींच्या जागी फांद्या निघाल्या आणि तुळईच्या पोटात त्या झाडाचे लहानपणीचे रूप उभे राहिले. इथे झाडाचे चित्र कुठेही नाही. झाड दरवर्षी एक थर चढवते ही त्याची क्रिया पेनोनेने घेतली आणि ती उलट्या दिशेने चालवली. तुमच्याआमच्या घरातल्या दाराच्या चौकटीकडेही मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहते.

जर्मनीचा वोल्फगांग लाइब वैद्यकाचे शिक्षण पूर्ण करून कलेकडे वळला. तो आपल्या गावाभोवतीच्या रानातून आणि कुरणांतून पराग गोळा करतो. वसंताच्या सुरुवातीला हेझल या झुडपाचे, मग डँडेलियनचे, मग पाइनचे, असे फुलोऱ्याच्या क्रमाने त्याचे काम चालते आणि महिन्यांच्या श्रमांनंतर काही बरण्या भरतात. २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याने जमिनीवर हेझलच्या परागाचा सुमारे १८ बाय २१ फुटांचा पिवळा चौकोन चाळून अंथरला. तो पराग १९९०च्या दशकाच्या मध्यापासून साठवलेला होता. लाइबने वनस्पतीकडून घेतली ती ऋतूची वाट पाहण्याची आणि साठवण्याची क्रिया. आपल्याकडे अंगणात चिमटीतून रांगोळी सोडणाऱ्या हाताला त्या कामातली एकाग्रता समजावून सांगावी लागणार नाही.

मृणालिनी मुखर्जी यांच्याबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण त्यांचे काम मला सर्वांत जवळचे आहे. १९४९ साली मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी या बिनोदबिहारी आणि लीला मुखर्जी या कलावंत दांपत्याच्या कन्या. शिक्षण बडोद्याला, चित्रकार के. जी. सुब्रह्मण्यन यांच्या हाताखाली. त्यांनी तागाच्या जातीच्या जाड दोरांना गाठीवर गाठ मारत माणसाएवढी, कधी त्याहून मोठी शिल्पे उभी केली. आधी रेखाटन करून आराखडा ठरवायचा आणि मग तो उतरवायचा, अशी त्यांची पद्धत नव्हती. एका गाठीवरून पुढची गाठ सुचत जाई आणि आकार वाढत जाई. त्या शिल्पांकडे पाहताना केळफूल आठवते, कर्दळीचा कोंब आठवतो, देवीची मूर्तीही आठवते, पण यांतले नेमके कोणते असे बोट ठेवता येत नाही. वेल काही आराखडा पाहून वाढत नाही, एका पेरातून दुसरे पेर काढत जाते. मुखर्जींचे हात तसे चालले. अखेरच्या वर्षांत त्या ब्राँझकडे वळल्या आणि पानांचे, खोडांचे आकार धातूत आणले. २०१५ साली त्या गेल्या, आणि २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले. त्यांचे एखादे दोराचे शिल्प प्रत्यक्ष पाहायची संधी मिळाली, तर ती सोडू नका, आणि पाहताना मागच्या बाजूला अवश्य जा. गाठी मागून जास्त स्पष्ट वाचता येतात.

चौथे नाव आपल्याच जवळचे आहे, जिव्या सोमा मशे यांचे. डहाणू तालुक्यातल्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर जो चौक लिहितात, त्यात मध्यभागी पालघट देवी असते आणि तिचे नाते झाडाझुडपांच्या, धान्याच्या सुफलनाशी आहे. मशे यांनी १९७०च्या दशकापासून ही रेषा लग्नाच्या चौकाबाहेर, कागदावर आणि कापडावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांच्या झाडांकडे पाहताना पानांची नक्कल शोधू नका. बांबूच्या काडीने तांदळाच्या पिठाचा एक बारीक फटकारा, त्याशेजारी दुसरा, असे करत झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत भरत जाते, आणि त्या आवृत्तीमुळे ते वारा सुटल्यासारखे हलते. तुम्ही ज्याला सजावट म्हणून बाजूला ठेवाल, तिथे खरे तर वाढीचीच लय आहे.

या चौघांचे साहित्य वेगळे, प्रदेश वेगळे, पण प्रत्येकाने एकेक क्रियापद उचलले आहे: थर चढवणे, साठवणे, पेर फुटणे, भरत जाणे. तुमच्या पाच चित्रांत मला नामे दिसतात (गोकर्ण, जास्वंद, सोनचाफा, शेवगा, कर्दळ) आणि ती सुबक आहेत. क्रियापद अजून दिसत नाही. समितीने हे नीट उलगडून सांगायला हवे होते. तिने तुम्हाला फक्त एक शिक्का दिला.

आता माझ्या कामातला एक प्रसंग जवळून सांगते, कारण पद्धत कशी सापडते हे त्याशिवाय कळणार नाही. साताऱ्याला माझ्या घरामागे दरवर्षी पावट्याची वेल लावलेली असते. एका श्रावणात मी तिच्या शेंड्याचे रेखाटन करायला बसले आणि तासाभराने पाहिले तर शेंडा कागदावर काढलेल्या जागी नव्हताच. आधी वाटले की वाऱ्याने हलला असेल. नंतर वाचनात आले की वळणाऱ्या वेलींचे शेंडे आधार मिळेपर्यंत हवेत गोल फेरे घेत असतात, आणि चार्ल्स डार्विनने काचेवर टिंबे देऊन अशा हालचाली नोंदवल्या होत्या. मी तेच केले. चार विटांवर खिडकीची जुनी काच आडवी ठेवली, डोळा दरवेळी एकाच जागी राहावा म्हणून वर भोक पाडलेला पुठ्ठा बसवला आणि दर वीस मिनिटांनी शेंडा जिथे दिसेल तिथे काचेवर टिंब देऊन शेजारी वेळ लिहिली. स्वच्छ, उबदार दिवशी एक फेरा दोन-अडीच तासांत पूर्ण होई. ढगाळ, गार दिवशी तो बराच लांबे. फेरा गोल नसतो हेही तेव्हाच कळले. तो एका बाजूला ताणलेला असतो, कधी मध्येच आखडतो, आणि शेंड्याला काठी लागली की तिथे टिंबांची गर्दी होऊन रेषा थांबते.

संध्याकाळी काचेवरची टिंबे पारदर्शक कागदावर उतरवून घ्यायची आणि मग हातकागदावर बोरूने शाईत लिहायची, असा नेम मी त्या वर्षी १९ दिवस पाळला. त्या १९ कागदांवर एकही पान नाही, फूल नाही. तारीख, पहिली वेळ, शेवटची वेळ आणि टिंबांची एक भटकी रेषा एवढेच आहे. शेजारच्या शेतकरी आजींना मी ते काहीही न सांगता दाखवले. त्यांनी बोटाने रेषा गिरवत शेवटच्या टिंबांपाशी येऊन विचारले, ‘हिला इथं काठी घावली का गं?’ त्या क्षणी मला कळले की काम जमले आहे. वेलीचे रूप नसतानाही वेल ओळखू येत होती. मी नऊ वर्षे हुबेहूब रेखाटने केली नसती, तर शेंडा जागचा हलला आहे हे माझ्या लक्षातही आले नसते, म्हणून तुमच्या सहा वर्षांच्या सरावाला मी पाया मानते आणि तो सोडून द्या असे कदापि सांगणार नाही.

तुमच्याकडे बाल्कनीत गोकर्ण आहे, तीही वळणारी वेल आहे. त्यामुळे मला विचाराल तर पुढचे वर्षभर फक्त तिच्याबरोबर काम करा. ती आधाराभोवती कोणत्या दिशेने वळते ते आधी पाहा. तुम्ही तिला उलट्या दिशेने गुंडाळलीत तर काय होते तेही पाहा. देठाचा पीळ कळीत किती असतो आणि फुलात किती होतो, हे रोज एक असे आठ-दहा दिवस रेखाटा. शेंग वाळू द्या. ती तडकली की तिची दोन्ही फोलपटे मळसूत्रासारखी पिळतात. वेलीला पीळ, देठाला पीळ, शेंगेला पीळ. पिळणे हेच कदाचित तुमचे क्रियापद ठरेल, कदाचित दुसरेच काही सापडेल. ते मी इथून ठरवू शकत नाही, आणि ठरवलेही तर ते माझे होईल. एकदा सापडले की मग ते कागदाला कसे करता येईल, याचा विचार करा. कागद पिळता येतो, ओल्या कागदावरचा रंग ओघळताना वळवता येतो, एक लांब पट्टी वेलीभोवती गुंडाळून तिच्यावर रोजचे रेखाटन करता येते.

वर्षभर एकच वनस्पती हा सल्ला अनेकांना कंटाळवाणा वाटतो. माझ्या कार्यशाळेत येणाऱ्यांपैकी बरेच जण दुसऱ्या महिन्यात नव्या फुलाकडे वळतात, आणि मग पुन्हा रूपाकडेच येतात, कारण नव्या फुलाचे रूपच पहिल्यांदा डोळ्यांत भरते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रूपाची नवलाई ओसरते, तेव्हा कुठे त्याच्यामागे काय चालले आहे ते दिसू लागते. कारवीसारख्या झुडपाला फुलायला सात-आठ वर्षे लागतात आणि मधल्या वर्षांत ते नुसते खरखरीत हिरवे असते. त्या हिरव्या वर्षांत त्याच्याकडे पाहणारे फार थोडे.

तिसरा प्रश्न खऱ्या पाना-फुलांचा. ती चिकटवली म्हणून काम समकालीन होत नाही; साहित्य तुमच्या क्रियापदाला मदत करत असेल, तरच ते घ्यावे. कोलकात्याच्या जयश्री चक्रवर्ती कागदाच्या थरांमध्ये पाने, मुळे, बिया गुंतवतात, कारण जमिनीत साठत जाणारा पालापाचोळा हाच त्यांच्या कामाचा विषय आहे. कर्नाटकातल्या रंजनी शेट्टर यांनी पोलादी सांगाड्यावर चिंचेने रंगवलेली मलमल चढवून केलेली रचना २०१८मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मांडली गेली. तिथे धातूवर साल असावी तशी ती मलमल बसते. दोघींच्या कामात साहित्य काढून घेतले तर कामच उरत नाही. तुमच्या गोकर्णीच्या चित्रावर वाळलेले फूल चिकटवले आणि नंतर काढले, तर चित्रात फारसा फरक पडणार नाही, हे तुमचे तुम्हालाच जाणवेल.

फुलांच्या रंगांबाबत एक इशारा देते. काही वर्षांपूर्वी मी हळद, पळस आणि गोकर्ण यांच्या रसांत एक मालिका केली आणि त्यातले एक चित्र एका गृहस्थांनी विकत घेतले. दोन वर्षांत त्यातला पिवळा उडाला, निळा राखाडी झाला आणि त्यांनी ते मला परत आणून दाखवले. चूक माझी होती. मी पैसे परत केले. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, गोकर्णीचाही नाही. नीळ टिकते, काताचा तपकिरी बऱ्यापैकी टिकतो, हिरड्याच्या काढ्यात हिराकस (लोखंडाचा एक क्षार) घातल्यावर येणारा काळाही चांगला टिकतो, मात्र हिराकस जास्त झाले तर कागद कालांतराने ठिसूळ होतो. कोणताही रंग वापरण्याआधी त्याची एक पट्टी रंगवा, अर्धी काळ्या कागदाने झाका आणि दक्षिणेच्या खिडकीत तीन महिने ठेवा.

उडणारा रंग हा दोषच मानला पाहिजे असे मात्र नाही. १८४२मध्ये जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने फुलापानांचा रस कागदाला लावून, त्यावर आकृती ठेवून तो उन्हात धरला. उघडा भाग फिका झाला, झाकलेला तसाच राहिला आणि चित्र उमटले. या पद्धतीला अँथोटाइप म्हणतात. गोकर्णीच्या रसाने ती घरी करता येते, फक्त ऊन भरपूर हवे आणि अनेक दिवसांची तयारी हवी. असे चित्र नंतरही उजेडात उडतच राहते. तुम्हाला झडणे हे क्रियापद भावले, तर याहून चांगले साधन नाही. पण पाहणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला ते आधी स्पष्ट सांगितले पाहिजे.

वाळलेली पाने-बिया वापरायच्याच असतील तर ठाण्याची हवा लक्षात घ्या. पान वर्तमानपत्रात दाबून कागद रोज बदलला नाही, तर पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी बुरशी येते. बियांत भुंगेऱ्यांची अंडी असू शकतात. वनस्पतिसंग्रहालयांत नमुने आठवडाभर गोठवून ठेवतात, तसे तुम्हीही हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. पाने पिठाच्या खळीने चिकटवू नका, त्या खळीला कसर हमखास लागते. आणि रानातून काही आणायचे असेल तर खाली पडलेलेच घ्यावे, तेही जिथे मुभा असेल तिथे; राखीव वनात आणि अभयारण्यात परवानगीशिवाय पानही तोडता येत नाही. कासच्या सड्यावर मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नसतो. तिथे पाऊल कुठे ठेवायचे हाच प्रश्न असतो, म्हणून मी तिथे फक्त वही नेते.

पुढच्या वर्षी चित्रे पाठवावीत का, याचे माझे उत्तर हो असे आहे. मात्र पाच वेगवेगळी फुले पाठवू नका. गोकर्णीचे एक शास्त्रशुद्ध चित्र करा, ज्यात देठाचा पीळ उघडा दिसेल, आणि त्याच्यासोबत वर्षभराच्या कामातली सलग सात-आठ पाने ठेवा. निवेदन मागतात, त्यात निसर्गाशी असलेल्या नात्याविषयी मोठे शब्द लिहू नका. वेल कोणत्या महिन्यात, कोणत्या दिशेच्या बाल्कनीत लावली, रोज किती वाजता पाहिली, कोणत्या आठवड्यात पाहता आली नाही आणि तेवढ्यात ती कुठे पोचली होती, एवढे सरळ शब्दांत लिहा. तोवर पावट्याच्या काचेसारखी मांडणी करताना काही अडले, तर शेंड्याची आणि काचेची वरून व बाजूने अशी दोन छायाचित्रे पाठवा. काच किती उंचीवर हवी ते पाहून सांगते.